दादा, आज जेवायचं कुठं?

दादा,

काल सकाळी डोळे उघडले आणि सवयीनं दिवस मोजला. महिन्यातला दुसरा सोमवार. तुमचा ठाण्याला यायचा दिवस. अंथरुणातच माझी उजळणी सुरू झाली: तळ्याकाठचा उडपी आज उघडा असेल ना, जांभळी नाक्यावरच्या खाणावळीत पाहुण्याला जागा आहे का हे ह्यांना शाळेत जाता जाता विचारायला सांगावं, भाजीच्या तिखटाचं काय करावं. मग हळूहळू ध्यानात आलं, की तुम्हाला जाऊन तीन आठवडे होत आले. आता तुम्हाला कुठंच जेवायला न्यायचं नाही. सुटले म्हणावं, तर तसंही वाटेना. दिवसभर तीच उजळणी करत मी घरात फिरत होते.

लोकांच्या मुली वडील येणार म्हटलं की पुरणाची डाळ काढतात. मला मात्र तुम्ही येणार म्हटलं की गावातली हॉटेलं आठवायला लागायची. मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, हे आपल्याकडे सगळेच पाळायचे. पण सगळ्यांच्या मुलींचे पाळणे वर्षा-दीड वर्षात हलायचे, बाप ऐटीत पाटावर बसायचे आणि नियम कधी होता हेही विसरून जायचे. माझ्याकडे तो नियम मुक्कामालाच आला.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही मला ठाण्याला दिलीत. ह्यांची शाळेतली मास्तरकी, चाळीतल्या दोन खोल्या, खाली नळ. तुमचं खडवलीचं धान्याचं दुकान, त्यात रेशनचे दिवस, त्यामुळं परवान्यासाठी दर महिन्याला ठाण्याच्या कचेरीत तुमची खेप ठरलेली. सकाळच्या गाडीनं यायचात, कचेरीतल्या बाकावर तिष्ठत बसायचात आणि काम उरकून माझ्या दारात हजर व्हायचात ते नेमके जेवणाच्या वेळी. चाळीत त्या वेळी घराघरांतून फोडण्यांचे वास सुटलेले असायचे. तुम्ही खांद्यावरचं उपरणं खुर्चीच्या पाठीवर टाकायचात, पिशवीतून आपला फिरकीचा तांब्या काढायचात आणि खडवलीहून आणलेलं पाणी प्यायचात. मी समोर उभी. माझ्या माठात गार पाणी भरलेलं, आणि तुम्ही उन्हानं कोमट झालेलं पाणी गटागटा पीत आहात. मग तांब्याची फिरकी घट्ट लावून विचारायचात, "हं, आज जेवायचं कुठं?"

जसं काही आपण सहलीला निघालोय!

मला राग यायचा. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची. दुकानामागच्या खोलीत चुलीपुढं बसवून भाताला पाणी किती, डाळीला हिंग कधी, हे सगळं तुम्हीच मला शिकवलेलं. खडवलीला मी माहेरपणाला आले की तुम्ही माझ्या हातचा भात मागून मागून घ्यायचात. हात तेच, तांदूळही बहुतेक वेळा तुमच्याच दुकानातला. पण ठाण्याला शिजला की तो भात जावयाचा व्हायचा आणि तुम्हाला वर्ज्य व्हायचा.

ह्यावरून आपण किती भांडलो, दादा. मी वकिलीला बसले असते तर बरं नाव काढलं असतं. "तुम्ही शिधा घेऊन या, मी नुसती रांधते," मी म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, "शेगडी कुणाची?" मी म्हटलं, "तुमचीच. लग्नात तुम्हीच दिलेली." मला वाटलं, जिंकले. तुम्ही शेगडीकडं बघत बराच विचार केलात आणि म्हणालात, "कोळसा?"

ह्यांनीही एकदा डोकं लढवून पाहिलं. "दादा, नियम मुलीच्या घरी जेवू नये असा आहे ना? हे घर तर माझं आहे."

"तुमचंच आहे," तुम्ही हसून म्हणालात, "म्हणून तर."

शेजारच्या माईंचे वडील त्यांच्याकडं जेवले की ताटाखाली एक नाणं सरकवून ठेवायचे, म्हणजे फुकट खाल्लं असं होत नाही. मी तो तोडगा सांगितला तेव्हा मात्र तुम्ही चिडलात. "लेकीच्या घरी पैसे ठेवून जेवायचं? मग ती खाणावळच झाली की. आणि खाणावळीतच जेवायचं तर गावात आहेत ढीगभर."

ढीगभर कुठल्या! त्या ढिगातून तुम्हाला खाता येईल असं एक ताट शोधताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. पहिली दोनेक वर्षं तरी बरी होती. तुम्ही स्टेशनासमोर राइस प्लेट खायचात नाहीतर इराण्याकडं पाव-आम्लेट, आणि ढेकर देत परत यायचात. मग तुमचं पोट दुखायला लागलं. कल्याणच्या डॉक्टरांनी आत व्रण आहे म्हणून सांगितलं. वेळच्या वेळी जेवायचं, तिखट बंद, तेलाचा तवंग बंद, भात मऊ. हे खडवलीत जमण्यासारखं होतं. डबा आणलात तर दुपारपर्यंत भात गार होऊन कडक व्हायचा, आणि माझ्या शेगडीवर गरम करायचा तर पुन्हा कोळशाचा प्रश्न. ठाण्यात भर दुपारी ते कुठून आणायचं?

तेव्हापासून तुम्ही यायच्या आधीचा अख्खा आठवडा मला काळजी लागायची. ह्यांना मी रोज एकेका ठिकाणी पाठवायची, चव बघून या म्हणून. हे मोठ्या निष्ठेनं जायचे. एका खाणावळीबद्दल येऊन सांगितलं, "झकास आहे. रस्सा असा, की कानातून धूर निघतो." मी कपाळाला हात लावला. ज्यांना तिखट खाताना घाम फुटला की जेवल्यासारखं वाटतं, त्यांनी तुमच्यासाठी जेवण शोधायचं! पण दुसरं पाठवायचं कुणाला? मी बाई माणूस, एकटी हॉटेलात जाऊन "अहो, तुमची भाजी किती तिखट आहे" असं विचारणार कशी?

जांभळी नाक्यावरची खाणावळ त्यातल्या त्यात बरी. पण तिथं आधी महिनेवाले जेवणार, कचेरीतले कारकून, एकटे राहणारे मास्तर. त्यांच्या पंगती उठल्या की मग पाहुणा. तुमच्या पोटाला तेवढा धीर नसायचा. भिंतीला टेकून उभ्या उभ्या तुमचा हात बरगड्यांखाली जायचा. तुम्हाला वाटायचं, ते कुणाला दिसत नाही. ह्यांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी मला सांगितलं, तेव्हा मी ठरवलं की पुढच्या वेळी मीच बरोबर जाणार.

तो दिवस आठवतो ना? तळ्याकाठचं उडप्याचं हॉटेल. आयुष्यात पहिल्यांदा मी हॉटेलची पायरी चढले. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, मान खाली. गल्ल्यावरच्या माणसानं मला पाहिलं आणि मोठ्यानं हाक दिली, "फॅमिली रूम!" सगळी टेबलं वळून बघायला लागली. आपल्याला एका फळ्यांच्या खोक्यात बसवलं आणि पुढं पडदा ओढला. तुम्ही इकडंतिकडं बघून म्हणालात, "कुसुम, आपल्याला काय दाखवायला आणलंय?" मला इतकं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला.

सांबार आलं. लालभडक. तुम्ही वेटरला विचारलंत, "ह्याच्यात तिखट कमी करता येईल?" तो म्हणाला, "एक दह्याची वाटी घ्या." तुम्ही दही घेतलंत, भात त्यात कालवलात, आणि मग भाजीतला बटाटा फोड फोड करून पाण्याच्या पेल्यात बुडवून, धुऊन खाल्लात. इतक्या निवांतपणे, की जणू बटाटा असाच खायचा असतो. मधेच अर्धा पापड मोडून माझ्यापुढं सरकवलात. मी म्हटलं, "मी नाही खाणार. तुम्ही माझं खात नाही." तुम्ही म्हणालात, "बापाचं खायला मुलीला कुठला आलाय नियम? खा." मी खाल्ला.

घरी आलो तर माई दारातच तांदूळ निवडत बसलेल्या. "काय गं कुसुम, वडिलांना घेऊन बाहेर जेवून आलीस?" एवढंच म्हणाल्या. वाईट बाई नव्हत्या त्या. पण अख्ख्या चाळीला त्याचा अर्थ कळत होता. तुम्ही माझ्या दारातून जेवायला बाहेर पडलात की मला वाटायचं, दवंडीच पिटली गेली. कुसुमला ह्याही महिन्यात काही नाही.

मग एकदा होतं असं वाटलं. मला दिवस गेले. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही माझ्या घरात जमिनीवर मांडी घालून बसलात आणि श्रावणातला बेत सांगायला लागलात. वालाचं बिरडं, ओला नारळ घालून. फिकं. नारळीभात. आणि ह्यांना म्हणालात, "मास्तर, एक पोतं जास्तीचं भरून ठेवा. मी एवढ्या दिवसांचं राहिलेलं जेवणार आहे." त्या महिन्यात तुम्ही बाहेर जेवायला निघालात ते अगदी दंडवत घातल्यासारखे वाकून माईंशी बोलून, मिशीला पीळ देत. श्रावण काही आला नाही. पाचव्या महिन्यात सगळं संपलं.

त्यानंतरचा तुमचा सोमवार. मी भिंतीला टेकून बसले होते. वाटत होतं, दादा आल्यावर जवळ बसतील, डोक्यावरून हात फिरवतील, काहीतरी बोलतील. तुम्ही आलात, उपरणं टाकलंत, तुमच्या तांब्यातलं पाणी प्यायलात. आणि नेहमीच्याच आवाजात विचारलंत, "आज जेवायचं कुठं?"

मी किंचाळलेच. "तुम्ही येऊच नका माझ्याकडं! कचेरीतून परस्पर जात जा. दर महिन्याला येऊन माझं काय नाही ते मोजून जाता!"

उपरणं उचललंत आणि गेलात. पुढच्या महिन्यात तुम्ही येणार नाही ह्या विचारानं मला जेवण जाईना. आलात. बराच उशिरा. दारातूनच म्हणालात, "मी कल्याणला उतरून जेवून आलोय. तुला आता तो त्रास नको." आणि खुर्चीवर बसता बसता तुमचा हात बरगड्यांखाली गेला. मी विचारलं, "कुठं जेवलात?" तुम्ही म्हणालात, "पारनाक्याजवळ." "काय होतं?" तुम्ही छताकडं बघायला लागलात. खोटं बोलणं तुम्हाला कधी जमलंच नाही. कल्याणला तुम्ही तीन दारं पुजून आला होतात, सगळीकडं तोच लाल रस्सा, आणि तसेच गाडीत बसला होतात. मी चपला घातल्या आणि तुम्हाला उठवलं. रस्त्यानं मी तुम्हाला बोलत होते आणि रडत होते. तुम्ही नुसते "बरं, बरं" करत माझ्यामागून येत होतात.

रेशन उठलं, परवान्याचं काम संपलं. कचेरीत तुम्हाला कुत्रं विचारत नव्हतं, तरी तुमचा सोमवार चालूच राहिला. ह्यांनी विचारलं, "दादा, आता कचेरीत काय काम?" तुम्ही म्हणालात, "बघून येतो, काही निघालंय का." आम्ही दोघांनी मान डोलावली.

आणि मग ह्या वर्षीच्या संक्रांतीच्या तोंडावरचा तो सोमवार. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणून तर मी हे सगळं लिहायला घेतलं, आणि इतका वेळ इकडंतिकडं फिरतेय.

त्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही मुंबईला एका डॉक्टरीणबाईंना दाखवून आलो होतो. त्यांनी तपासलं, चष्मा काढून ठेवला आणि सांगितलं, "फारशी आशा धरू नका." कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. तुम्हाला तर मुळीच नाही.

तुम्ही आलात. मी भाताचं पातेलं शेगडीवरून उतरवत होते. तुम्ही मोरीत जाऊन माझ्या बादलीतलं पाणी पायांवर घेतलंत. हातही धुतलेत. मग भिंतीशी उभा असलेला पाट आडवा केलात, त्यावर बसलात आणि म्हणालात, "वाढ गं कुसुम. भूक लागलीये."

दादा, ह्या वाक्यासाठी मी तुमच्याशी एवढी वर्षं भांडत होते. ते कानावर पडलं आणि मी पातेलं खाली टेकवायचं विसरले. दादांना कुणी सांगितलं? हाच पहिला विचार. दादांना कळलं. दादांनी सोडून दिलं. आता कशाला थांबायचं, होणार तर काही नाही, मग जेवूनच घेऊ, असं ठरवून दादा पाटावर बसले आहेत. वर्षानुवर्षं एकच माणूस जगात असा होता, की जो माझ्या दारात उपाशी बसून सांगत होता की कुसुमला मूल होईल. चाळीनं केव्हाच सोडून दिलं होतं. सासूबाई ह्यांच्या दुसऱ्या लग्नाबद्दल आडून आडून बोलायला लागल्या होत्या. मी स्वतः सोडत आले होते. तुम्ही माझा एक घास खाल्लात की संपलंच.

मी पातेल्यावर झाकण घातलं. "भात लागलाय, दादा," मी म्हटलं.

"लागू दे. खरवड मला आवडते."

"करपलाय. वास येतोय बघा. चला, बाहेर जेवू."

कसला वास! भात मोगऱ्यासारखा फुललेला होता. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मीही बघितलं. तुमच्या डोळ्यांत काय होतं ते मला वाचता आलं नाही, भीतीनं माझं डोकंच चालत नव्हतं. तुम्ही गुडघ्यावर हात टेकून उठलात. पाट पुन्हा भिंतीशी उभा केलात.

आणि नेमका त्या दिवशी अख्ख्या ठाण्यानं वैर धरलं. आधीच उशीर झालेला. जांभळी नाक्याला शेवटची पंगत उठून भांडी घासायला बसली होती. उडप्याच्या दारावर फळी, आत चुना लावणं चाललेलं. स्टेशनाजवळ एकानं सांगितलं, मटणाशिवाय काही उरलं नाही. इराण्याचे पाव संपलेले. ऊन चढलेलं. मी पुढं, तुम्ही मागं. दर थोड्या वेळानं मी वळून बघायची, तर हात बरगड्यांखाली. घरी फुललेला भात झाकून ठेवलाय आणि मी माझ्या आजारी बापाला गावभर उपाशी फिरवतेय, हे मला कळत होतं. दोनदा ओठांवर आलं, की चला दादा, परत फिरू, वाढते तुम्हाला. दोन्ही वेळा जीभ रेटली नाही. एवढं भ्यायलेली मी कधीच नव्हते, आई गेली तेव्हासुद्धा नाही.

खाडीच्या बाजूला, मिठागरांकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक झावळ्यांची शेड दिसली. बाहेर दोन बाकडी, आत चूल. एक पोक्त बाई परातीत भाकऱ्यांचे उरलेले तुकडे गोळा करत होती. तुम्हीच विचारलंत, "बाई, जेवायला मिळेल का काही?"

"आता? कवाच सरलं," ती म्हणाली. "मिठागरावरची मानसा जेवून गेली. पेज हाय थोरी. चालंल?"

"चालेल? धावेल!" तुम्ही म्हणालात आणि बाकड्यावर बसलात.

मला विश्वास बसेना. मऊ शिजलेल्या तांदळाची पेज, वर मिठाचा खडा, तिखटाचं नाव नाही. एवढी वर्षं मी पालथं घातलं त्या ठाण्यात तुमच्या डॉक्टरनं सांगितलेलं जेवण खाडीच्या काठाला रोज शिजत होतं, आणि मी उडप्याच्या पडद्याआड बटाटे धुवायला बसवत होते तुम्हाला! तुम्ही वाटी तोंडाला लावलीत. दोन घोट घेतल्यावर तुमच्या कपाळावरची आठी सैल झाली. माझ्या जिवात जीव आला. बाईनं मलाही एक वाटी दिली, बरोबर सुकटाची चटणी. जवळच्या बाळकुम गावची होती ती. हे तिनं न विचारताच सांगितलं आणि लगेच आपली चौकशी सुरू केली.

"ही कोन? पोरी काय तुजी?"

"हो. लेक."

"यां ठान्यालाच देलीस?"

"हो, इथंच. तळ्याच्या पलीकडं."

तिचा हात थांबला. "मंग पोरीचं घर सोरून माज्याकरं पेज पितंस?" आणि दुसऱ्याच क्षणी तिला उमगलं. आपल्यातलीच रीत त्यांच्यातही असणार. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या ओटीकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पोर नाय काय तिला?"

माझा घास तोंडातच राहिला. तुम्ही वाटी खाली ठेवलीत. उपरण्याच्या टोकानं मिशी पुसलीत, सावकाश. मला वाटलं, आता तुम्ही "नाही" म्हणणार, आणि ते मला इथं, ह्या बाकड्यावर, तुमच्या तोंडून ऐकावं लागणार.

"अजून नाही," तुम्ही म्हणालात. आणि वाटी पुढं केलीत, "आणखी आहे का हो?"

"व्हंल, व्हंल," ती बाई म्हणाली आणि तिनं पातेलं तुमच्या वाटीत निपटून काढलं.

मी त्या दिवशी सगळी चटणी खाल्ली. नाकातून पाणी वाहत होतं आणि मी खात होते, तिखटाच्या नावाखाली मनसोक्त रडता येत होतं. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंपेक्षा मला तुमचे ते दोन शब्द खरे वाटले. शहाण्या बाईला वाटू नये इतके खरे वाटले.

स्टेशनावर सोडताना विचारायचं होतं, की दादा, आज पाटावर का बसलात? कुणी काही सांगितलं का? तुम्ही त्या पेजेचंच कौतुक लावलं होतं. "पुढच्या वेळी थेट तिच्याकडंच जाऊ," म्हणालात, "उगीच तुझी वणवण नको." पुढं तसे दोनदा गेलोही. तिसऱ्या वेळेच्या आधीच निरोप आला. दुकान उघडता उघडता तुम्ही कोसळलात, आतला व्रण फुटला, कल्याणला न्यायलाही वेळ मिळाला नाही. मी पोचले तेव्हा दुकानाची एकच फळी काढलेली होती.

हे आजही शपथेवर सांगतात, की त्यांनी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवते आणि पुन्हा रात्री विचार करत बसते. तुम्हाला माहीत होतं, म्हणून बसलात का पाटावर? की नुसती भूक सोसवेना म्हणून? आणि ते "अजून नाही" तुम्हाला वाटत होतं म्हणून म्हणालात, की मी समोर बसले होते म्हणून? ह्यांना विचारलं तर म्हणतात, "दादा काय सांगून गेले ते धर, का सांगितलं ते सोड." मास्तरांना सगळं सोपं असतं. मला ते कळल्याशिवाय चैन पडत नाही, आणि सांगणारा आता कुणी नाही. मात्र एक कळतं, उशिरा का होईना. पोर गेल्यानंतरच्या त्या सोमवारी तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवला असता, तर मी मोडून पडले असते. तुम्ही मला नेहमीसारखं विचारलंत. मी तुमच्यावर ओरडले, पण उठून उभी राहिले ती त्यामुळंच. ह्याबद्दल तुम्हाला काही सांगायचं राहिलं.

गेल्या गुरुवारी काका आले होते, तुमचा धाकटा भाऊ. कल्याणजवळच्या मोहने गावातल्या कारखान्यातून सुटी काढून, दुकानाचं काय करायचं ते बोलायला. तुम्ही होतात तोवर त्यांनीही माझ्याकडं कधी पाण्याला हात लावला नव्हता. तुमच्या धाकानं. बोलणं झालं, जेवणाची वेळ झाली, आणि मी आपली विचार करायला लागले, काकांना खाडीवर न्यावं की जांभळी नाक्याला. तेवढ्यात काका उठले, पाट घेतला आणि म्हणाले, "वाढ काय असेल ते. उन्हातून कुठं जायचं आता?"

"काका, तुम्हाला चालतं?"

"अगं, किती वर्षं झाली," काका मायेनंच म्हणाले. "आता कशाला तो नियम घेऊन बसायचं?"

मी वाढलं. भात, वरण, लिंबाची फोड. काकांनी दोनदा भात घेतला, वरणाचं कौतुक केलं, तुमच्यासारखी चव आहे म्हणाले. माई दारातून डोकावून गेल्या आणि त्यांनाही बरं वाटलेलं दिसलं. माझ्या माहेरचं माणूस पहिल्यांदाच माझ्या घरी पोटभर जेवून, हात पुसून, सुपारी कातरत बसलं होतं. सात वर्षं मी ज्याच्यासाठी भांडले ते असं निमूट घडलं, आणि मला कळलं, दादा, की आता माझ्यासाठी कुणीही उपाशी राहणार नाही. काका गेल्यावर त्यांचं ताट समोर ठेवून मी बराच वेळ बसले. मग ह्यांची शाळेतून यायची वेळ झाली, म्हणून उठून ते घासायला घेतलं.